मदतनीस ताई, तुमचं शिकवणं कागदावर येऊ द्या

महाराष्ट्रात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी सेविकेच्या जोडीला एक मदतनीस असते. शिकवणाऱ्या बाईच्या हाताशी असलेली एवढी मोठी फौज आपल्याकडच्या शिक्षणात दुसरी कुठे नाही. तरी अंगणवाडीचा कुठलाही मासिक अहवाल काढून बघा. पटावर किती मुलं, वजन किती जणांचं घेतलं, आहार किती दिवस दिला, सगळं त्यात सापडेल. मदतनीस ताईंनी मुलांना काय शिकवलं, याला मात्र रकाना नाही. त्या झाडतात, पाणी भरतात, खिचडी शिजवतात, मुलांना घरून आणतात आणि परत पोचवतात, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. कित्येकदा ताईंच्या स्वतःच्याही.

हा लेख मुख्यतः मदतनीस ताईंसाठी आहे. सेविका, मुख्य सेविका, सरपंच आणि मुख्याध्यापक यांच्यासाठीही शेवटी काही सांगितलं आहे. सांगायचं आहे ते एवढंच: तुम्ही रोज शिकवताच. ते समजून करा, त्याची नोंद ठेवा आणि ती नोंद वेळेवर योग्य टेबलापर्यंत पोचवा. बढती आणि हक्काचे पैसे या वाटेनं पदरात पडतात. कार्यक्रमातल्या नारळ-शालीनं ते काम होत नाही.

शिकवणं कुठे दडलेलं असतं

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्याच्या तीस वर्षं आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं होतं. १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. मुलाला आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हे त्यांच्या लेखी शिक्षणच होतं. आज ही कामं मदतनीस ताईंच्या वाट्याला येतात, पण त्यांच्यावरचा शिक्षणाचा शिक्का मधल्या काळात पुसला गेला.

तो परत उमटवायला वेगळा तास लागत नाही. रोजच्या कामातच जागा आहेत.

मुलांना आणताना: वाटेत बोला. "कुणाच्या दारात शेळी आहे? आज किती कोंबड्या दिसल्या? पुढचं घर कुणाचं?" तीन वर्षांच्या मुलाचा शब्दसाठा अशा बोलण्यातून वाढतो. मुलाच्या उत्तरात आपला एक शब्द घालून परत द्या. तो म्हणाला "शेळी", तर तुम्ही म्हणा, "हो, काळी शेळी पाला खातेय."

ताटल्या वाटताना: एक मूल, एक ताटली. गणिताची पहिली पायरी ही, पाढे फार पुढचे. वाटणी रोज दोन मुलांकडे द्या. कमी पडल्या तर लगेच पुरवू नका. "किती राहिल्या?" असं विचारून थांबा.

स्वयंपाकाच्या वेळी: वाटाणे सोलणं, मूग आणि मटकी वेगळी करणं, कोथिंबिरीची पानं खुडणं. वर्गीकरण आणि बोटांची पकड, दोन्ही यात येतं. ज्या बोटांनी वाटाणा सुटतो, त्याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते. चूल किंवा गॅस मात्र मुलांपासून दूरच हवा.

हात धुताना: साबण लावून निदान वीस सेकंद. तेवढ्या वेळात एक बडबडगीत पूर्ण होतं. रोज तेच गाणं ठेवा, क्रम आपोआप पाठ होतो.

आदिवासी भागात ताईंचं वजन आणखी वाढतं. घरी कोरकू, गोंडी, वारली किंवा भिलोरी बोलणारं मूल अंगणवाडीत पहिल्यांदा मराठी ऐकतं, तेव्हा त्याची भाषा सहज बोलणारी ताई हाच त्याचा आधार असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुलाच्या घरच्या भाषेवर भर देतं. ते धोरण वस्तीत उतरवण्याचं काम अशा ताईच करतात. मुंबईच्या झोपडपट्टीत तेलुगू किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलांबाबतही हेच खरं आहे. घरच्या भाषेतली गाणी, कोडी, नात्यांची नावं एका वहीत लिहून ठेवा. सेविकेलाही तिचा उपयोग होईल.

काय शिकून घ्यावं

"मला प्रशिक्षणाला बोलवत नाहीत" ही तक्रार रास्त आहे. १० मे २०२३ रोजी केंद्राचा 'पोषण भी पढाई भी' कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत रोज निदान दोन तास चांगलं पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावं, असं त्यात ठरलं आहे. पण प्रशिक्षणाचा भर सेविकांवर आहे. म्हणून बोलावण्याची वाट न पाहता काही गोष्टी स्वतःहून मिळवाव्या लागतात. आठवड्यातले दोन तास त्यासाठी ठरवून बाजूला ठेवा. विषय पुढचे पाच.

एक, वयानुसार वाढ. २०२४ मध्ये केंद्रानं दोन आराखडे काढले: तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'आधारशिला'. आपल्या राज्याचा 'आकार' हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम आणि लहान बाळांच्या पालकांसाठीचा 'आरंभ' कार्यक्रमही आहे. या पुस्तिका सेविकेकडे असतात. आठवड्याला चार पानं दोघींनी मिळून वाचा आणि त्यातला एक खेळ पुढच्या आठवड्यात करून बघा. पोषण ट्रॅकर ॲपमधले खेळांचे व्हिडिओ सेविकेच्या फोनवर एकत्र बघता येतात.

दोन, गोष्ट सांगणं. पुस्तक वाचता आलं नाही तरी अडत नाही. चित्रावर बोट ठेवून "इथे काय चाललंय? आता काय होईल?" असं विचारता आलं पाहिजे. एकच गोष्ट आठवडाभर सांगा. मुलांना तीच तीच गोष्ट हवी असते आणि चौथ्या दिवशी ती त्यांच्या तोंडून ऐकायला मिळते.

तीन, कुपोषण ओळखणं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मध्यम. दोन्ही पावलांवर सूज असेल तर पट्टीवर आकडा कितीही येवो, मुलाला आरोग्य केंद्रात न्यायचंच. वजन-उंचीची नोंद सेविका करते, पण ताटात अन्न कोण टाकतं, कुणाची भूक अचानक मेली, हे आधी ताईंना दिसतं. दिसलं की त्याच दिवशी सांगा.

चार, दिव्यांगत्वाची सुरुवातीची चिन्हं. नावानं हाक मारल्यावर मूल वळत नाही, आवाजाकडे बघत नाही, बरोबरीच्या मुलांसारखं बोलत किंवा चालत नाही, वस्तू डोळ्यांजवळ नेऊन बघतं. अशा मुलांसाठी केंद्रानं २८ नोव्हेंबर २०२३ रोजी अंगणवाडीकरता स्वतंत्र कार्यपद्धती आणली. निदान करणं तुमचं काम नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तेव्हा ते मूल हजर असेल आणि तुम्ही काय पाहिलं ते डॉक्टरांना सांगाल, एवढं बघा. तेवढ्यानं त्याची एक-दोन वर्षं वाचतात.

पाच, सुरक्षा आणि प्रथमोपचार. भाजल्यास वीस मिनिटं थंड वाहतं पाणी; टूथपेस्ट, हळद, तेल काही लावायचं नाही. जुलाब झाल्यास ओआरएसची एक पुडी एक लिटर पाण्यात, आणि ते पाणी चोवीस तासांच्या आत संपवायचं. शेंगदाणे, फुटाणे लहान मुलांना अख्खे द्यायचे नाहीत. घशात घास अडकला तर काय करायचं, हे वाचून शिकता येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेकडून हातानं करून शिका. बाललैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मदतनीस ताईंवरही आहे. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

बारावीचा अडसर

केंद्राच्या मिशन पोषण २.० च्या २०२२ मधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांची ५० टक्के पदं पाच वर्षं अनुभव असलेल्या मदतनिसांमधून भरायची आहेत. मुख्य सेविकांची निम्मी पदंही पाच वर्षं अनुभवाच्या सेविकांमधून भरायची आहेत. म्हणजे मदतनीस ते मुख्य सेविका ही शिडी कागदावर उभी आहे. अडचण पायरीची आहे. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांसाठी किमान बारावी उत्तीर्ण ही अट घातली. पूर्वी मात्र मदतनीस पदासाठी सातवी पुरत असे. वीस-वीस वर्षं काम केलेल्या किती तरी ताई त्यामुळे जागच्या जागी अडकल्या आहेत.

वय चाळीसच्या आत असेल आणि नोकरीची पंधरा-वीस वर्षं हातात असतील, तर परीक्षा द्याच. वाटा दोन आहेत.

पहिली, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. शाळेत न जाता बाहेरून दहावी आणि नंतर बारावी देता येते. गावाजवळचं कुठलं हायस्कूल किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र आहे ते विचारा. अर्जाची मुदत दरवर्षी जाहीर होते. साधारण पावसाळ्यापासूनच चौकशी ठेवा, ऐन परीक्षेच्या तोंडावर जाऊन उपयोग नसतो.

दुसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एका दमात द्यावे लागत नाहीत. घर, शेत आणि अंगणवाडी सांभाळणाऱ्या बाईला ही सवलत मोठी आहे. यंदा दोन विषय, पुढच्या खेपेला दोन, असं निभावता येतं. फॉर्म भरण्याआधी माध्यम आणि विषय नीट तपासा.

एकटीनं अभ्यास टिकत नाही. बीटमधल्या चार-पाच ताईंनी गट करा. मासिक बैठकीच्या दिवशी एक तास आधी जमून अभ्यास केला तर वेगळं भाडं पडत नाही. गणित, इंग्रजीसाठी जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना विचारा. सहसा कुणी नाही म्हणत नाही.

फाइल आणि वही

सेविकेचं पद रिकामं झाल्यावर धावपळ करून कागद जमत नाहीत. एक प्लास्टिकची फाइल आजच करा. तिच्यात हे हवं: नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याचा अहवाल, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, रहिवासाचा पुरावा, लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र, प्रत्येक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र किंवा हजेरीचा कागद, मानधन जमा झाल्याचं पासबुक, रजेच्या अर्जांच्या प्रती. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. आवक क्रमांक आणि शिक्का नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास नडते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, गरज असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. निवडीच्या आदल्या दिवशी हे होत नाही.

फाइलइतकीच महत्त्वाची आहे ती वही. दोनशे पानी साधी वही घ्या. रोज तीन ओळी पुरेत: तारीख, काय केलं, काय दिसलं. "आज मुलांना खेळवलं" असं लिहून हाती काही लागत नाही. असं लिहा: "ताटल्या वाटताना चार वर्षांच्या दोघींनी एक मूल-एक ताटली अशी जोडी बरोबर लावली. तिसरीचा गोंधळ झाला. उद्या पाचच ताटल्या देऊन परत बघायचं." हे वाचणाऱ्याला तुम्ही मुलांकडे बघता, विचार करता आणि पुढचा बेत आखता हे कळतं. लिहायला जड जात असेल तर मुलीकडून, सुनेकडून लिहून घ्या, पण शब्द तुमचे असू द्या. महिन्यातून एकदा सेविकेची आणि भेटीला आल्यावर मुख्य सेविकेची सही घ्या.

सेविका रजेवर, बैठकीला किंवा सर्वेक्षणाला गेल्यावर अंगणवाडी एकटीनं चालवता, त्या दिवसांचं पान वेगळं करा. तारीख, हजर मुलं, घेतलेले उपक्रम, दिलेला आहार. सेविकेचं काम तुम्हाला जमतं याचा याहून चांगला पुरावा नाही.

पैसा, रजा, विमा: हे माहीत हवंच

केंद्रानं १ ऑक्टोबर २०१८ पासून मदतनिसांचं मानधन दरमहा २,२५० रुपये ठरवलं, शिवाय कामगिरीवर २५० रुपये. त्यावर राज्य आपली भर घालतं. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून एकूण मानधन ५,५०० झालं. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा राज्यभर संप झाला. त्यानंतर २०२४ मध्येच मदतनिसांना आणखी २,००० रुपयांची वाढ जाहीर झाली. कामाच्या मानानं रक्कम तोकडीच आहे. पण आपल्या खात्यात केंद्राचे किती, राज्याचे किती आणि प्रोत्साहन भत्ता किती आला, हे पासबुकाशी ताडून बघण्याची सवय हवी. फरक दिसला तर फोनवर बोलून सोडू नका, लेखी विचारा.

वर्षाला २० दिवस रजा आणि बाळंतपणासाठी मानधनासह १८० दिवसांची रजा यांची तरतूद आहे. ही मेहेरबानी नाही. रजा हक्काची आहे, अर्ज करूनच घ्या. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात आयुष्मान भारत योजनेचं संरक्षण सगळ्या आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना देण्याची घोषणा झाली. त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्ड निघालं का, ते तपासा. जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांत आपलं नाव आहे का, वारस म्हणून कुणाची नोंद आहे, हेही प्रकल्प कार्यालयात विचारा. वारसाचं नाव बदलायचं राहून गेलं की नंतर घरच्यांचे हाल होतात.

सगळ्यांत मोठी गोष्ट ग्रॅच्युइटीची. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मणीबेन भारिया यांच्या खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांचं ते खंडपीठ. खटला गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातला होता. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोघींनाही १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो आणि मानधन हे त्या कायद्याच्या दृष्टीनं वेतनच आहे, असं न्यायालयानं स्पष्ट सांगितलं. अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण दिलं जातं, त्यामागे शिक्षण हक्क कायद्याचं ११ वं कलम आहे, हेही न्यायालयानं विचारात घेतलं. अंगणवाडीतल्या कामाला शिक्षण म्हणण्याचा आधार देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे, हे लक्षात ठेवा.

कायद्याचं सूत्र सोपं आहे. शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. शेवटचं मानधन ७,५०० आणि सेवा २० वर्षांची असेल तर रक्कम साधारण ८६,५०० रुपये होते. त्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. हक्क मान्य झाला तरी पैसे आपोआप येत नाहीत. निवृत्त होणाऱ्या ताईंनी सेवेच्या कागदांसह लेखी अर्ज करावा, पोच ठेवावी आणि पाठपुराव्यासाठी आपल्या संघटनेला बरोबर घ्यावं. इथेही पहिला प्रश्न येतो तो नेमणुकीच्या आदेशाचा. म्हणून ती फाइल.

सेविका ताईंसाठी

दोघींचं जमलं तर अंगणवाडी चालते, नाही तर मुलांनाही ताण कळतो. सेविकेवर नोंदी, ॲप, सर्वेक्षणं आणि बैठका यांचा बोजा आहे, हे खरंच. पण मदतनीस तयार झाली तर तो हलका होतो.

रोज अर्धा तास मुलांचा उपक्रम मदतनीस ताईंकडे द्या. तेवढा वेळ पातेल्याजवळ तुम्ही बसलात तर काही बिघडत नाही. शनिवारी वीस मिनिटं दोघी बसा: या आठवड्यात कोण कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात कुणी काय घ्यायचं. प्रशिक्षणाहून आलात की दोन दिवसांत त्यातले दोन उपक्रम ताईंना करून दाखवा. पालक मेळाव्यात एक कोपरा पूर्ण त्यांच्याकडे सोपवा. आणि चूक झाली तर मुलांसमोर, पालकांसमोर बोलू नका. मुलं आधी आवाजाचा सूर शिकतात, शब्द मागाहून.

मुख्य सेविका, सरपंच, मुख्याध्यापक

मुख्य सेविकांनी भेटवहीत मदतनीस ताईंच्या कामाबद्दल दोन ओळी लिहाव्यात, एवढी एक सवय लावून घेतली तरी खूप होईल. त्याच दोन ओळी पुढे निवडीच्या वेळी कामाला येतात. तीन महिन्यांतून एक बैठक फक्त मदतनिसांची घ्या. त्यात सूचना कमी आणि उपक्रम जास्त ठेवा. एका ताईंनी खेळ घ्यायचा, बाकीच्यांनी मुलं व्हायचं. प्रशिक्षण झालं की तारीख, तास आणि विषय लिहिलेला कागद हातात द्या. पाच वर्षं पूर्ण झालेल्या आणि बारावी झालेल्या मदतनिसांची यादी बीटनिहाय तयार ठेवा, म्हणजे पद रिकामं झाल्यावर शोधाशोध होत नाही. ज्यांची बारावी राहिली आहे त्यांना परीक्षेच्या काळात रजा नाकारू नका. आणि बैठकीतला चहा मदतनीस ताईंनीच करायचा, ही रीत बंद करा.

सरपंचांच्या हातात ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा १० टक्के हिस्सा असतो. तो दरवर्षी शिलाई यंत्रांवरच संपायला हवा असं नाही. परीक्षेची फी, प्रशिक्षणाचा प्रवासखर्च, धूर न करणारी शेगडी, गोष्टींची पुस्तकं यांचा प्रस्ताव मांडता येतो. ग्रामसभेत अंगणवाडीचा विषय निघाला की मदतनीस ताईंना स्वतः बोलू द्या. गावातल्या कुठल्या घरचं मूल जेवत नाही, कुठलं मूल दोन आठवड्यांपासून येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

अंगणवाड्या शाळांच्या आवारात आणण्यासाठी केंद्रानं २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जिथे अंगणवाडी शाळेत आहे, तिथल्या मुख्याध्यापकांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिलीच्या वर्गशिक्षकांबरोबरच्या चर्चेला सेविकेच्या जोडीला मदतनीस ताईंनाही बोलवावं, कारण पहिलीत येणारं मूल त्यांनी तीन वर्षं हाताळलेलं असतं. आणि शाळेचे व्हरांडे झाडण्यासाठी, निरोप पोचवण्यासाठी त्यांना वापरू नये. त्यांचा वेळ मुलांचा आहे.

या महिन्यात करायच्या सहा गोष्टी

१. फाइल घेऊन नेमणुकीचा आदेश शोधा. सापडला नाही तर प्रतीसाठी प्रकल्प कार्यालयात लेखी अर्ज द्या.
२. वही सुरू करा, रोज तीन ओळी.
३. सर्व कागदांवरची नावं जुळतात का ते तपासा.
४. बारावी झाली नसेल तर सतरा नंबरचा फॉर्म किंवा एनआयओएसची चौकशी करा.
५. आयुष्मान कार्ड, विमा आणि वारसनोंद बघा.
६. आठवड्यातून निदान एक उपक्रम स्वतः घ्यायचं सेविकेशी बोलून ठरवा.

यातल्या पाच गोष्टींना कुणाच्या परवानगीची गरज नाही, सहावीला फक्त शेजारी बसणाऱ्या सेविकेची संमती लागते. सरकारकडे मागायचं ते संघटनेतून मागत राहा. मानधन वाढायला हवं, प्रशिक्षणात मदतनिसांना बरोबरीची जागा हवी, मुलांमागे हातांची संख्या पुरेशी हवी, या मागण्या न्याय्यच आहेत. त्या मान्य होईपर्यंत तुमचं शिक्षण आणि तुमच्या नोंदी थांबता कामा नयेत. पद रिकामं होईल त्या दिवशी निवड समितीच्या टेबलावर सगळ्यांत भरलेली फाइल तुमची असली पाहिजे. ताई, पहिला कागद आज संध्याकाळीच फाइलला लावा.